जुना काळा पृथ्वीगोल हाती लागलाय? आधी या चुका टाळा

नकाशा नसलेला, फळ्यासारखा काळा, खडूने काढायचं नि पुसायचं असा पृथ्वीगोल. जुना मिळाला की लोक पहिलं काय करतात तर ओलं फडकं घेऊन खसाखसा पुसतात, आणि तिथेच घोळ होतो. कारण बरेचसे जुने गोल आतून कागदाच्या लगद्याचे, वर प्लास्टरचा थर, दोन वाट्या मध्ये जोडलेल्या, जोडातून पाणी शिरलं की नेमका विषुववृत्तावर फुगवटा येतो नि रंगाचे पोपडे निघतात. आधी टिचकी मारून बघा. टणटण वाजला तर पत्र्याचा, बद्द आवाज आला तर पाणी बंद, मऊ ब्रश आणि कोरडं कापड बस्स.

सँडपेपर तर लांबच ठेवा, जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ नाकात जाते. वरून नवा रंग मारायची पण घाई नको, काही गोलांवर खंडांच्या बारीक रेषा नाहीतर अंशांची जाळी मुळातच असते, ती एकदा झाकली की गेली. तेल लावून चमकवलात तर खडू उमटणारच नाही.

पुसलं तरी जुन्या रेघा दिसतायत? विशेषतः नवा रंग दिलेल्या गोलावर हे होतं. खडू आडवा धरून सगळा गोल पांढरा करायचा, मग कोरड्या डस्टरने पुसायचा, मगच लिहायला घ्यायचं. मी हे न करता डायरेक्ट आफ्रिका काढली होती, ती अजून धुक्यात असल्यासारखी दिसते.

आता काढताना. अक्षवृत्तासाठी हात फिरवू नका हो, खडू एका जागी टेकवून धरा आणि गोल फिरवा, वर्तुळ आपोआप बनतं. सुरुवात नि शेवट जुळत नसेल तर हात नाही, आस सैल आहे, गोल वरखाली सरकतोय, खाली वॉशर घाला. रेखावृत्ताला कागदाची पट्टी ध्रुवापासून ध्रुवापर्यंत लावून रेघ मारा. इथे एक चूक हमखास होते. 30 सेंमी व्यासाच्या गोलाचा घेर साधारण 94 सेंमी, म्हणजे 15 अंशाला (पृथ्वी एका तासात फिरते तेवढ्याला) विषुववृत्तावर जवळपास 4 सेंमी, आणि लोक हेच माप 60 अक्षांशावर पण टाकतात, तिथे ते निम्मं होतं, 2 सेंमीच, मग रेषा ध्रुवावर भेटतील कशा?

बारीक रेघ हवी म्हणून पाटीवरची पेन्सिल वापरू नका, रंगावर कायमचे ओरखडे पडतात. खडूलाच घासून टोक काढा. या गोलावर 1 मिमी म्हणजे साधारण 42 किमी, तीन मिमीची जाड रेघ म्हणजे सव्वाशे किमी रुंद नदी झाली की!