मेमरी मिळाली नाही तर? प्रोग्रामची ही परीक्षा कशी घ्यावी

भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही लिनक्सचं छोटं बोर्ड बसवलं होतं. मशिनांची रीडिंग गोळा करायची आणि दर मिनिटाला सर्व्हरला पाठवायची, एवढंच त्याचं काम. दिवसा ठणठणीत, रात्रपाळीत कधीतरी गप्प. सकाळी सुपरवायझरचा फोन ठरलेला: "साहेब, तुमचा डबा परत झोपला." दोन आठवडे आम्ही नेटवर्कला शिव्या घातल्या. दोष निघाला आमच्याच एका ओळीत. नेट गेलं की न पाठवलेली रीडिंग साठत जायची आणि यादी वाढवायला आम्ही रीअलॉक, म्हणजे घेतलेली मेमरी वाढवून मागणारं सीचं फंक्शन, वापरायचो. प्रोसेसला आम्हीच घातलेली १६ एमबीची मर्यादा संपली की रीअलॉक नल, म्हणजे "मेमरी नाही" अशी रिकामी खूण, परत करायचा, आणि आमचा कोड ते नल जुन्याच पॉइंटरमध्ये, म्हणजे यादीचा पत्ता ठेवलेल्या जागेत, भरायचा. जुनी यादी तिथेच हरवली, पुढच्या रीडिंगला क्रॅश.

टेस्ट लिहिलेल्या होत्या, पण मेमरी मिळणार नाही अशी एकही नव्हती. तेव्हापासून सीमध्ये लिहिलेला कुठलाही प्रोग्राम बाहेर पाठवण्याआधी आम्ही खालची पद्धत वापरतो.

आधी धोरण ठरवा

मेमरी मिळाली नाही तर प्रोग्रामने करायचं काय? प्रत्येक ठिकाणी सावरायलाच हवं असं नाही. सीमध्ये मेमरी मागायचं मूळ फंक्शन म्हणजे मॅलॉक. जीलिब या लायब्ररीचं जी-मॅलॉक मेमरी मिळाली नाही की सरळ प्रोग्राम बंद करतं. सावरायचं असेल तर जी-ट्राय-मॅलॉक वेगळं आहे. दोन सेकंदांत काम आटोपणाऱ्या कमांडला "मेमरी संपली" म्हणून बाहेर पडणं शोभतं. पण लायब्ररी लिहीत असाल तर दुसऱ्याचा प्रोग्राम बंद पाडण्याचा हक्क तुम्हाला नाही. एरर परत करा. महिनोन्‌महिने चालणाऱ्या डब्याने ती एक विनंती सोडावी आणि चालू राहावं. हे टीमने एका ओळीत लिहून ठेवा, नाहीतर टेस्ट पास झाली की नाही यावरच वाद होतो.

रॅम भरायच्या नादी लागू नका

पहिला विचार सगळ्यांना हाच सुचतो: लूपमध्ये मॅलॉक करत सुटायचं. लिनक्सवर ते फसतं, कारण लिनक्स मेमरी देतो ती मंगल कार्यालयातल्या आमंत्रणासारखी. पत्रिका ८०० जणांना, पानं ५०० जणांची. सगळे थोडेच येणार? मॅलॉक "हो" म्हणतो, खरी पानं मांडली जातात तुम्ही त्या मेमरीत लिहायला लागल्यावर. सगळेच जेवायला आले, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कुणाला तरी पंगतीतून उठवतो. त्याला ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर म्हणतात. तो नल देत नाही, सिग्नल ९ देऊन प्रोसेस जागीच मारतो, आणि शेलमध्ये १३७ हा कोड दिसतो. तुमचा एररचा कोड चाललाच नाही, म्हणजे तपासलाही गेला नाही. कंटेनरला मेमरीची मर्यादा घातली तरी शेवट सहसा असाच होतो.

यूलिमिट कमांडचा व्ही पर्याय थोडा बरा. तो ॲड्रेस स्पेसवर, म्हणजे प्रोसेस एकूण किती मेमरी मागू शकते त्यावर, किलोबाइटमध्ये मर्यादा घालतो आणि मग मॅलॉक खरोखर नल देतो. सबशेलमध्ये चालवा, नाहीतर तुमचं स्वतःचं टर्मिनलही त्याच मर्यादेत अडकेल. पण मेमरी नेमकी कुठे संपेल ते हातात राहत नाही. पहिली धाव म्हणून ठीक.

मोजणारा मॅलॉक लिहा

खरी युक्ती इथे आहे. मॅलॉक, कॅलॉक (शून्य भरलेली मेमरी देणारा) आणि रीअलॉक यांच्यापुढे स्वतःचा पहारेकरी उभा करा. तो प्रत्येक मागणी मोजतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये दिलेला आकडा आला की एररनो या एररचा कोड ठेवायच्या जागेत ई-नोमेम (मेमरी नाही) भरून नल परत करतो, एरवी मागणी खऱ्या मॅलॉककडे पाठवतो.

पहारेकरी बसवायच्या दोन वाटा आहेत. एक, त्याची शेअर्ड लायब्ररी करून एलडी-प्रीलोड या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने आधी लोड करायची आणि खरा मॅलॉक डीएलसिम या फंक्शनला आरटीएलडी-नेक्स्ट ("पुढच्या लायब्ररीतला शोध") देऊन शोधायचा. यात बाहेरच्या लायब्रऱ्यांच्या मागण्याही पकडल्या जातात. दोन, लिंकरला रॅप पर्याय द्यायचा. त्यात फक्त तुम्ही लिंक केलेल्या कोडमधले कॉल वळतात. सी लायब्ररीचं स्ट्रडप (स्ट्रिंगची नक्कल करणारं फंक्शन) आतल्या आत जो मॅलॉक करतं, तो निसटतो. तरी मी सुरुवात रॅपने करायला सांगेन. ॲड्रेस सॅनिटायझर आणि व्हॅलग्रिंड ही मेमरीच्या चुका पकडणारी साधनं स्वतःच मॅलॉक ताब्यात घेतात, त्यामुळे प्रीलोडशी त्यांचं भांडण होतं. रॅपशी सहसा होत नाही.

पहारेकऱ्याच्या आत प्रिंटएफ वापरू नका. ते स्वतःच मॅलॉक मागू शकतं आणि गाडी गोल फिरत राहते. राइट हा सिस्टिम कॉल वापरा.

एकापासून सुरू, शेवटपर्यंत

आता एक छोटी टेस्ट घ्या: फाइल उघडा, वाचा, बंद करा. पहिल्या रनमध्ये पहिली मागणी नाकारा, दुसऱ्यात दुसरी, तिसऱ्यात तिसरी. एकही मागणी न नाकारता टेस्ट संपली की थांबा. एसक्यूलाइट या डेटाबेसची टीम अशीच चाचणी घेते, आणि कर्ल या डाउनलोडच्या टूलमधल्या अशा चाचण्यांना तर टॉर्चर टेस्ट असंच नाव आहे.

तीच फेरी दोनदा करा. एकदा फक्त ती एकच मागणी नाकारायची, दुसऱ्यांदा तिच्यापासून पुढच्या सगळ्या. चुका वेगवेगळ्या निघतात. दुसऱ्या फेरीत हमखास सापडतो तो एररचा मेसेज बनवायला पुन्हा मेमरी मागणारा कोड. तहान लागल्यावर विहीर खणायला निघालेली ही मंडळी. मेसेजची जागा प्रोग्राम सुरू होतानाच राखून ठेवा.

वेळेचा हिशोब आधी करा. ४०,००० मागण्या आणि प्रत्येक रन ५० मिलिसेकंद धरला, तर एक फेरी ३३ मिनिटांची. म्हणून टेस्ट लहान ठेवा.

क्रॅश झाला नाही म्हणजे पास नाही

सगळ्यात जास्त घाई इथेच होते. १३९ किंवा १३४ हा एक्झिट कोड आला तर प्रश्नच नाही, सेगफॉल्ट किंवा अबॉर्ट झाला. पण शून्य आला म्हणून हुरळून जाऊ नका. मागणी नाकारूनही शून्य येत असेल, तर कुणीतरी एरर गिळली आहे. डिस्कवर अर्धवट फाइल राहिली का, लॉक सुटलं का, लीक झाला का (घेतलेली मेमरी परत द्यायची राहिली का), हे प्रत्येक रनला बघा. आणि मी कधीच सोडत नाही ती तपासणी: त्याच प्रोसेसमध्ये तेच काम लगेच पुन्हा करा, या वेळी मेमरी देऊन. ते नीट झालंच पाहिजे. आमच्या रीडिंगच्या यादीसाठी ही टेस्ट लिहिली, तर चौदाव्या मागणीला भोसरीचा क्रॅश टेबलावर हजर. दोन आठवड्यांचं काम चहा थंड व्हायच्या आत.

दुरुस्ती बहुतेक वेळा दोनच प्रकारची असते. रीअलॉकचं उत्तर आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्या, नल नसेल तरच जुन्यावर लिहा. नल आलं तर जुनी मेमरी शाबूत असते. दुसरी, एका फंक्शनमध्ये नाव, यादी, बफर अशा तीन मागण्या असतील, तर तिन्ही पॉइंटर सुरुवातीलाच नल करा आणि चूक झाली की शेवटच्या एकाच लेबलवर जा, जिथे तिघांनाही फ्री होतं. नलला फ्री केलं तर काही बिघडत नाही, सी भाषेच्या स्टँडर्डचीच तशी हमी आहे.

थ्रेड असतील तर

चौदावी मागणी प्रत्येक रनला तीच असायला हवी. अनेक थ्रेड असले की क्रम बदलतो. टेस्टपुरता एकच थ्रेड ठेवा, किंवा प्रत्येक थ्रेडची मोजणी वेगळी करा. सी++ मध्ये न्यू नल देत नाही, बॅड-अलॉक हे एक्सेप्शन फेकतं. रॅप वापरत असाल तर ऑपरेटर न्यूसुद्धा स्वतःचा द्या, कारण त्याचा आतला मॅलॉक तुमच्या पहारेकऱ्याला दिसत नाही.

फेल झालेल्या रनचा आकडा लिहून ठेवाल, पण त्यावर विसंबू नका. कोडमध्ये एक ओळ वाढली की कालची चौदावी मागणी आज पंधरावी होते. आकड्याबरोबर बॅकट्रेसही (कुठल्या फंक्शनमधून कुठलं बोलावलं त्याची यादी) साठवा, आणि त्याच बिल्डवर जीडीबी हा डीबगर लावून पहारेकरी नल देतो त्या ओळीवर ब्रेकपॉइंट टाका. तिथून एकेक पाऊल पुढे गेलात की नल कुठल्या पॉइंटरमध्ये शिरतं ते दिसतं.