उबुंटू टाकल्यावर लॅपटॉप सुरूच होत नाही? या चुका टाळा

विंडोजच्या जोडीला उबुंटू (लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा एक प्रकार) टाकावे, शेवटी रीस्टार्ट करावे आणि काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ (संगणक चालू होताना उबुंटू किंवा विंडोज सुरू करून देणारा प्रोग्राम, म्हणजे उबुंटूचा बूटलोडर) हा एकच शब्द व त्याच्या शेजारी लुकलुकणारा कर्सर दिसावा, हा प्रसंग पुष्कळांवर येतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपल्यामुळे जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून पाहणाऱ्यांसाठी तर हे आधीच समजून घेणे गरजेचे आहे. अशा वेळी सर्वांत मोठे नुकसान मूळ चुकीमुळे होत नाही, ते घाबरून ‘फॉरमॅट मारून पुन्हा टाकूया’ असे ठरवल्यामुळे होते.

संगणक सुरू न होणे आणि डेटा जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अलीकडच्या, यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली, संगणक चालू करणारी मूळ प्रणाली) असलेल्या संगणकांत सुरुवात करून देणाऱ्या फायली एका लहानशा, बहुधा १०० एमबीच्या, फॅट३२ पद्धतीच्या ‘ईएफआय पार्टिशन’मध्ये (डिस्कच्या एका वेगळ्या भागात) असतात आणि त्यांतली कोणती फाइल आधी उघडायची याची यादी मदरबोर्डच्या स्मृतीत असते. आपले फोटो, हिशेब, प्रबंध यांचा या दोन्हींशी काहीही संबंध नसतो. म्हणून पहिले काम दुरुस्तीचे नाही, पाहण्याचे आहे: उबुंटूच्या पेन ड्राइव्हवरून ‘ट्राय उबुंटू’ निवडून संगणक सुरू करावा, विंडोजचे पार्टिशन उघडते का ते तपासावे आणि महत्त्वाचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप (पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून विंडोज पूर्ण बंद न करणारी सोय) चालू राहिले असेल तर ते पार्टिशन केवळ वाचण्यापुरतेच उघडते. नकल करण्यासाठी तेवढे पुरते, त्यामुळे त्यावर जबरदस्तीने लिहिण्याच्या खटपटीत पडू नये.

माझ्या मावसभावाने बाहेरच्या एसएसडीवर उबुंटू टाकले होते. रात्री सगळे सुरळीत चालले. सकाळी ती डिस्क काढून लॅपटॉप सुरू केला तर विंडोजऐवजी ‘ग्रब’. विंडोज उडाले असे समजून तो दुकानात फॉरमॅट मारून घ्यायला निघाला होता. फोनवर मी त्याला एवढेच सांगितले की लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करताना एफ१२ दाबत राहा. (एचपीच्या लॅपटॉपवर बहुधा एफ९ लागते.) यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ जसेच्या तसे होते, त्यावर एंटर दाबताच विंडोज उघडले. झाले होते असे की उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये एक जुना दोष आहे: बूटलोडरसाठी बाहेरची डिस्क निवडली तरी तो आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्येच जाऊन बसतो. त्यामुळे आतला ग्रब बाहेरच्या डिस्कवर आपला उरलेला भाग शोधत राहिला. बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणल्यावर प्रश्न मिटला. बाहेरच्या डिस्कवर काही टाकायचे असेल, तर शक्य असल्यास आतली डिस्क तेवढ्या वेळापुरती बायोसमधून बंद करावी, हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

उबुंटूच्या इन्स्टॉलरमध्ये ‘समथिंग एल्स’ निवडून हाताने पार्टिशन ठरवताना ईएफआय पार्टिशनपुढच्या फॉरमॅटच्या चौकटीत खूण केली, तर मात्र विंडोजचा बूटलोडर खरोखरच पुसला जातो. तरीही विंडोज जागेवरच असते. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’मधून कमांड प्रॉम्प्ट उघडावा, डिस्कपार्ट या डिस्कचे भाग हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये व्हॉल्यूमची (पार्टिशनची) यादी पाहून त्या लहान फॅट३२ व्हॉल्यूमला एक अक्षर द्यावे आणि बीसीडीबूट या आज्ञेने बूटच्या फायली तिथे पुन्हा लिहून घ्याव्यात. इथे एक खाचखळगा आहे: या वातावरणात ‘सी’ हे अक्षर दुसऱ्याच पार्टिशनला मिळालेले असू शकते, म्हणून ‘विंडोज’ आणि ‘यूजर्स’ हे फोल्डर कुठे आहेत ते आधी पाहूनच आज्ञा द्यावी. जुन्या माहितीवर विसंबून फिक्सएमबीआर चालवत बसण्यात अर्थ नाही, कारण ती आज्ञा डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला जुन्या पद्धतीचा कोड दुरुस्त करते आणि यूईएफआय तो वापरतच नाही.

काही लॅपटॉपवर उबुंटूचा इन्स्टॉलर इंटेल आरएसटी (डिस्क हाताळण्याची इंटेलची पद्धत) बंद करायला सांगतो म्हणून लोक बायोसमध्ये डिस्कचा मोड एएचसीआय (डिस्क हाताळण्याची सर्वसाधारण पद्धत) करतात आणि मग विंडोज निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून थांबते. मोड पूर्ववत केला की ते पुन्हा चालते. इथे विंडोज नव्याने टाकणे निव्वळ वाया आहे.

खरी आपत्ती इन्स्टॉलरमध्ये ‘इरेज डिस्क’ (पूर्ण डिस्क पुसणे) निवडल्यावर येते. तसे घडले असेल तर त्या क्षणी संगणक बंद करावा आणि त्या डिस्कवर पुढे काहीही लिहू नये. टेस्टडिस्क या प्रोग्रामने हरवलेले पार्टिशन आणि फोटोरेक या प्रोग्रामने सुट्या फायली काही वेळा परत मिळतात. एसएसडीवर फॉरमॅट होतानाच जुने ब्लॉक मोकळे केले जाऊ शकत असल्यामुळे तिथे आशा फार कमी असते.

आणि हे सगळे सुरू करण्यापूर्वी बिटलॉकरची (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या एन्क्रिप्शनची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. अनेक नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू असते आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीचे बूटलोडर चालू देणारी सोय) बंद केला किंवा बूटचा क्रम बदलला की विंडोज ती की मागू शकते. बहुधा ती मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते, पण त्या खात्याचा पासवर्ड बंद पडलेल्या लॅपटॉपमध्येच असेल तर तिचा उपयोग होत नाही.