भिंत रंगवण्याआधी: व्यवसाय आणि मुलांची संस्था यांची भागीदारी कशी जमवावी

एका बालगृहाची एकच भिंत मी वर्षभरात तीनदा रंगताना पाहिली आहे. मी तेव्हा त्या संस्थेच्या हिशेबाला हातभार लावत असे. आधी फुलपाखरं आली, मग जिराफ, मग जिराफावर पांढऱ्याचा हात मारून फुगे. तीन कंपन्या, तीन रंगांचे टी-शर्ट. तिन्ही वेळा संस्थेच्या ताईंनी हसून 'या' म्हटलं, कारण नको म्हटलं तर देणगीही जाईल ही धास्ती. त्याच दिवसांत मागच्या खोलीचं छत गळत होतं आणि संध्याकाळी अभ्यास घेणाऱ्या बाईंचा दोन महिन्यांचा पगार थकला होता. वाईट कोणीच वागलं नव्हतं. काय हवंय हे कोणी विचारलंच नव्हतं, एवढंच.

अशी भागीदारी नीट जमली तर दोघांचाही फायदा होतो, आणि तो लहानसहान नसतो. ती जमवायची कशी, ते क्रमाने सांगतो. व्यवसाय छोटा असो की मोठा, पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

१. आपल्याला काय हवंय ते आधी कबूल करा

"आम्हाला यातून काहीच नको," असं म्हणणाऱ्या मालकाची मला जरा भीतीच वाटते. ज्याला काहीच नको असतं त्याचा उत्साह धंदा मंदावला की पहिल्यांदा आटतो. त्यापेक्षा सरळ सांगावं: परिसरात नाव व्हावं, माणसं टिकावीत, नव्या भरतीला चांगले उमेदवार यावेत. यात लाजण्यासारखं काही नाही.

फायदे खरे आहेत, पण ते जिथे शोधतात तिथे बहुधा नसतात. वर्तमानपत्रातला फोटो चार दिवसांत शिळा होतो. उलट वर्षभर दर शनिवारी मोठ्या मुलांना संगणक शिकवणारा तुमचा कर्मचारी समजावून सांगायला शिकतो, आणि पुढे गोंधळलेल्या ग्राहकाशी बोलताना ते उपयोगी पडतं. एरवी एकमेकांशी न बोलणारे गोदामातले आणि हिशेब विभागातले लोक एका कामासाठी एकत्र बसतात. शिवाय संस्थेला परिसरातली घरं आतून माहीत असतात. कामावरच्या आया दुपारनंतर वरचेवर सुट्टी का मागतात, हे व्यवस्थापकाला वर्षानुवर्षं कळत नाही. पाळणाघर चालवणारी संस्था ते दोन मिनिटांत सांगते, आणि कधी कधी उपायही तिच्याकडेच असतो.

संस्थेच्या बाजूने फायदा फक्त पैशाचा नाही. एका व्यापाऱ्याचा भरवसा बसला की तो आणखी चौघांना घेऊन येतो. पण सगळ्यात मोलाची गोष्ट मोठ्या मुलांच्या वाट्याला येते. अनेक देशांत अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृहाचा आधार संपतो. त्या वयात एखाद्या ओळखीच्या कार्यशाळेत सहा महिन्यांचं पगारी प्रशिक्षण मिळणं, ही देणगीच्या धनादेशापेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि ती फक्त व्यवसायच देऊ शकतो.

२. संस्था निवडा, पण घाईने नको

जवळची संस्था बघा. जाता-येता डोकावता येईल इतकी जवळ असली की संबंध टिकतो. नोंदणी, विश्वस्तांची नावं, मागच्या दोन-तीन वर्षांचे तपासलेले हिशेब आणि मुलांच्या सुरक्षेचं लेखी धोरण, एवढं मागाच. चांगली संस्था हे मागितल्यावर रागावत नाही. धोरण विचारल्यावर समोरचे गोंधळले, तर तिथे थोडं थांबा.

एक चूक मात्र टाळा. "आमचा सगळा पैसा थेट मुलांवरच खर्च झाला पाहिजे, कार्यालयीन खर्चावर एकही पैसा नको," ही अट ऐकायला छान वाटते. पण मुलांबरोबर राहणाऱ्या माणसाचा पगार, वीज, हिशेबनीस, यांच्यावाचून संस्था उभी राहत नाही. तुमचा स्वतःचा धंदा भाडं न भरता चालतो का?

३. काय हवंय ते विचारा आणि उत्तर ऐका

या पायरीचा एक जुना आणि बोलका दाखला आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात एका व्यावसायिक फुटबॉल संघाच्या लोकांनी कर्करोगग्रस्त मुलांसाठी पैसे जमवले होते. लहान मुलांच्या कर्करोगावर उपचार करणाऱ्या डॉ. ऑड्री इव्हान्स यांनी त्यांना सांगितलं की रुग्णालयाजवळ आईवडिलांना राहायला एखादं घर हवं. लांबून आलेले पालक खुर्चीत आणि व्हरांड्यात रात्री काढत होते. मग तिथल्या मॅकडोनाल्ड्सच्या दुकानांनी एका हंगामी मिल्कशेकच्या विक्रीतून पैसे दिले, आणि १९७४ मध्ये पहिलं 'रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस' उघडलं. आज अशी घरं अनेक देशांत आहेत. यातला पैसा कोणीही जमवू शकलं असतं. "घर हवं" हे मात्र रुग्णांच्या रोजच्या सहवासातल्या बाईंनाच सुचलं.

म्हणून पहिल्या भेटीला कोरी वही घेऊन जा, तयार योजना नको. दोन प्रश्न पुरतात: गेल्या महिन्यात कोणतं काम पैशाअभावी किंवा माणसाअभावी अडलं? आणि कोणती मदत मिळाली पण डोकेदुखी ठरली? दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर पहिल्या भेटीत मिळत नाही. तिसऱ्या भेटीत मिळतं.

संस्थेच्या लोकांसाठीही दोन शब्द. दहा पानी विनंतीपत्र कोणी वाचत नाही. एका पानावर एकच गरज, तिचा खर्च आणि मुदत लिहा. आणि भिंतीला "नको" म्हणायला शिका. "रंगकाम झालंय, पण छताला माणसं हवीत," असं सांगितल्यावर रागावून निघून जाणारी कंपनी पुढच्या वर्षीही आली नसतीच.

४. काय द्यायचं ते ठरवा

पैसा द्यायचा तर तो थोडा पण नियमित द्या. एकदाच आलेल्या मोठ्या रकमेतून वस्तू येतात. दरमहा येणाऱ्या लहान रकमेच्या भरवशावर शिक्षिका नेमता येते. कर्मचाऱ्यांनी पगारातून जेवढं द्यावं तेवढीच भर मालकाने घालावी, ही पद्धतही चांगली. जनरल इलेक्ट्रिकने १९५४ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांनी महाविद्यालयांना दिलेल्या देणग्यांसाठी ती सुरू केली, आणि नंतर ती इतर कंपन्यांतही रुजली. यात कुठे द्यायचं हे कर्मचारी ठरवतो, त्यामुळे गोष्ट त्याची स्वतःची होते.

वस्तूंचं काय? एकदा आमच्याकडे एका कार्यालयातून खेळण्यांची अकरा खोकी आली. दोन कार्यकर्त्यांचा अख्खा दिवस निवडण्यात गेला: झाकण नसलेले स्केचपेन, चाक निखळलेल्या गाड्या, तुकडे हरवलेली कोडी. कामाची निघाली जेमतेम तीन खोकी, आणि उरलेली फेकायचा खर्च आमच्याच माथी. वस्तू द्यायच्याच तर यादी संस्थेकडून घ्या, आणि यादीबाहेरचं काही पाठवू नका.

कौशल्य हा सगळ्यात दुर्लक्षित प्रकार. बहुतेक लहान संस्थांना हिशेबाची घडी, संगणकातली माहिती, भाडेकराराची तपासणी, विजेच्या तारांची पाहणी यांसाठी तज्ज्ञ परवडत नाही. तुमच्याकडे ती माणसं पगारावर असतात. तुमच्या हिशेबनिसाने दर तीन महिन्यांनी एक दिवस दिला, तर संस्थेचे कागद वेळेवर तयार होतात आणि मोठ्या निधीसाठी अर्ज करता येतो. फोटो काढण्यासारखं त्यात काही नसतं, हे खरं.

५. ग्राहकांना सामील करायचं तर हिशेब उघडा ठेवा

१९८३ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसने स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठी कार्डाच्या प्रत्येक वापरामागे एक सेंट आणि प्रत्येक नव्या कार्डामागे एक डॉलर द्यायचं जाहीर केलं. सुमारे १७ लाख डॉलर जमले, आणि कार्डाचा वापर २८ टक्क्यांनी वाढल्याचं सांगितलं गेलं. विक्रीला देणगीची जोड देण्याची कल्पना तिथून जगभर गेली. पण ही मोहीम लोकांपर्यंत पोचवायला जाहिरातींवर जमलेल्या देणगीहून जास्त पैसा गेला, हेही त्याच गोष्टीत येतं.

तुम्ही असं काही करणार असाल तर "विक्रीतला काही भाग मुलांसाठी" हे वाक्य लिहू नका. किती, कोणाला आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे पाटीवर असू द्या. कमीत कमी किती रक्कम देणारच, तेही ठरवा. मोहीम संपल्यावर जमलेला आकडा त्याच जागी लावा. ग्राहक पैसे देताना हिशेब मागत नाही, पण मनात ठेवतो.

६. मुलांची सुरक्षा: इथे सवलत नाही

सगळ्यात जास्त घसरण याच ठिकाणी होते, आणि बहुतेकदा प्रेमापोटी होते.

कोणताही बाहेरचा माणूस मुलाबरोबर एकटा राहणार नाही. संस्थेचा माणूस कायम नजरेच्या टप्प्यात हवा. नियमित येणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासली जाईल. कोणी एका मुलाला वेगळी भेट देणार नाही, स्वतःचा फोन नंबर देणार नाही, समाजमाध्यमावर जोडून घेणार नाही. मालक स्वतः आला तरी हे नियम त्यालाही लागू.

फोटोचा प्रश्न वेगळाच. २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या बालहक्क संहितेत मुलाच्या खासगीपणाचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, सोळाव्या कलमात. मोठा धनादेश धरून उभं केलेलं मूल दहा वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीला जाईल, तेव्हा ते चित्र कुठेतरी सापडेल. चेहरा दिसणार नाही असे फोटो घ्या: हात, चित्रं, दुरुस्त झालेलं छत. मुलाचं नाव आणि त्याची कहाणी जाहिरातीत नको. पालकाची किंवा कायदेशीर जबाबदार व्यक्तीची लेखी परवानगी असली तरी मुलालाही विचारा, आणि त्याने मान हलवून नको म्हटलं तर विषय संपला.

निवासी संस्थांत आणखी एक काळजी. तीन दिवस येऊन, कडेवर घेऊन, रडत निरोप घेणारे पाहुणे स्वतः हलके होऊन जातात. मुलाच्या वाट्याला मात्र आणखी एक निघून गेलेला माणूस येतो. वर्षभर येणं जमणार नसेल, तर पडद्यामागचं काम मागून घ्या.

युनिसेफ, संयुक्त राष्ट्रांचा 'ग्लोबल कॉम्पॅक्ट' हा कंपन्यांसाठीचा उपक्रम आणि मुलांसाठी काम करणारी सेव्ह द चिल्ड्रन ही संस्था यांनी २०१२ मध्ये मुलांचे हक्क आणि व्यवसाय यांविषयी दहा तत्त्वं मांडली. त्यांत देणगीइतकंच कंपनीच्या स्वतःच्या कामकाजाकडे लक्ष वेधलं आहे: बालमजुरी नको, आईबापांना माणुसकीने काम करता यावं, जाहिराती मुलांचा गैरफायदा घेणाऱ्या नसाव्यात. एका हाताने दप्तरं वाटून दुसऱ्या हाताने पुरवठादाराकडच्या बालमजुरीकडे डोळेझाक चालणार नाही.

७. एका पानावर लिहून घ्या

ओळखीतल्या माणसांत कागद कशाला, असं दोघांनाही वाटतं. पण माणसं नोकऱ्या बदलतात. ज्या व्यवस्थापकाने शब्द दिला तो गेला की शब्दही जातो. कोण काय देणार, कधी देणार, दोन्हीकडून बोलायचं कोणी, नाव आणि चिन्ह कुठे वापरायचं, फोटोंचे नियम, संस्थेला नकार देण्याचा हक्क आणि मुदत, एवढं एका पानात मावतं. दारू, तंबाखू, जुगार अशा उत्पादनांशी नाव जोडायचं नाही हे संस्थेने आधीच स्पष्ट करावं. करसवलतीचे नियम देशागणिक वेगळे असतात, ते आपल्या हिशेबनिसाला विचारून घ्या.

संस्थेने एक आकडा डोळ्यांसमोर ठेवावा: एकाच कंपनीकडून उत्पन्नाचा किती हिस्सा येतो? माझ्या मते तो एक तृतीयांशाच्या वर गेला की दुसरा दाता शोधायला लागावं, आणि तेही पहिल्याशी संबंध चांगले असताना.

८. वर्षातून एकदा बसा

किती स्वयंसेवक आले आणि किती तास झाले, हे मोजणं सोपं, म्हणून सगळे तेच मोजतात. त्याऐवजी विचारा: शिक्षिका टिकली का? छत अजून गळतंय का? प्रशिक्षणाला घेतलेल्या चौघांपैकी किती जण सहा महिन्यांनी कामावर आहेत? तुमच्याकडचे किती लोक कोणी न सांगता दुसऱ्यांदा आले? काय फसलं, हे आधी कंपनीने सांगावं. मग संस्थाही मोकळेपणाने बोलते.

आणि थांबायचं असेल तर तेही नीट थांबा. किमान सहा महिने आधी लेखी कळवा, तोवर ठरलेली रक्कम देत राहा. कामाची कागदपत्रं, पासवर्ड आणि हिशेबाच्या फायली संस्थेच्या माणसाच्या हातात द्या, त्याने त्या उघडून बघेपर्यंत शेजारी बसा.