हॉटेलमधले ढेकूण: या चुका टाळा, नाहीतर ते बॅगेतून घरी येतात

दोन वर्षांपूर्वी लग्नाला कोल्हापूरला गेलेलो, लॉजवर एकच रात्र काढली आणि सकाळी दंडावर चार-पाच गांधी उठल्या, एका ओळीत. डास असतील म्हणून सोडून दिलं. तीन आठवड्यांनी घरी आईच्या पाठीवर तशाच गांधी, गादी उचलून बघतो तर शिवणीत ढेकणं! लॉजमध्ये चावले त्याचं काही नाही, ते आठवड्या-दोन आठवड्यांत बरं होतं, ढेकणांमुळे रोग पसरत नाही. पण घरात शिरलेले काढायला आम्हाला पाच महिने लागले.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रूममध्ये शिरल्या शिरल्या बॅग बेडवर टाकणं. ढेकूण उडत नाही, उडी मारत नाही, तो चालत बॅगेत शिरतो आणि आपण त्याला घरी घेऊन येतो. आधी बॅग बाथरूममध्ये कोरड्या फरशीवर ठेवा आणि पाच मिनिटं गादी बघा.

चादर पांढरी शुभ्र आहे, हॉटेल महागडं आहे म्हणून बिनधास्त राहू नका, चादर बदलतात, गादी तीच असते. उशाकडचा कोपरा उचला, मोबाईलचा टॉर्च मारा आणि जुनं एटीएम कार्ड शिवणीतून फिरवा. पेनाने टिंब दिल्यासारखे काळे ठिपके दिसले तर ओल्या टिश्यूने पुसा, शाई फुटावी तसं तांबूस-काळं पसरलं तर ती त्यांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. शिवाय फिकट पिवळी पोकळ कात, 1 मिमीची पांढरी अंडी. मोठा ढेकूण 5 मिमीच्या आसपास, मसुराएवढा आणि चपटा, रक्त प्यायला की लांबट लाल होतो. हेडबोर्डची मागची बाजू आणि स्क्रूची भोकं पण बघाच. अंगावर काही उठलं नाही म्हणजे ढेकूण नाहीत असं समजू नका, कुणाला आठवड्याने उठतं, कुणाला उठतच नाही.

सापडले तर झुरळांचा स्प्रे मारू नका, जे वाचतात ते फटीत पांगतात. फोटो काढा, एखादा सेलोटेपला चिकटवून ठेवा, रिसेप्शनला दाखवा आणि दुसरी रूम मागा, पण लगतची किंवा बरोबर वर-खालची नको, भिंतीतल्या फटींतून, वायरिंगच्या पाइपांतून ते तिकडेही जातात. पैसे परत द्यायला कुरकुर केली तर बिल आणि फोटो घेऊन ग्राहक हेल्पलाईन 1915 ला फोन करा.

घरी आल्यावर बॅग बेडरूममध्ये नेऊ नका, बाल्कनीत उघडा. न घातलेले कपडे पण 60 डिग्रीच्या पाण्यात धुवा, ड्रायर असेल तर फुल हीटवर अर्धा तास. सिल्कची साडी असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस डीप फ्रीझरमध्ये, पण तो उणे 18 पर्यंत जाणारा पाहिजे. नुसतं ऊन दाखवून भागत नाही, ते सावलीच्या बाजूला सरकतात. आणि बॅग माळ्यावर टाकली की उपाशी मरतील असं मलाही वाटलेलं, पण ते काही महिने न खाता जगतात. व्हॅक्यूम मारा, झिप, चाकं, अस्तराची शिवण, सगळीकडे.

तरी घरात दिसलेच तर डांबरगोळ्या आणि रॉकेलच्या नादी लागू नका, रॉकेलने आग लागेल. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा आणि दोन आठवड्यांनी परत बोलवाच, कारण औषधातून अंडी वाचतात. आम्ही दुसरी फेरी टाळली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आणि लाजू नका. त्याच लॉजवर शेजारच्या रूममध्ये मामा-मामी होते, मी लाजेपोटी त्यांना दोन महिने काही बोललो नाही आणि तोवर त्यांच्या दिवाणात पण झाले होते. सोबत जे राहिले असतील त्यांना त्याच दिवशी फोन करा.