छतासाठी ठेकेदार निवडताना: नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या घरातून

२०१८ च्या मे महिन्यात ज्यानं आमच्या छताचं काम केलं, त्यानं वर पाय ठेवायच्या आधीच भाव सांगितला होता. हॉलमध्ये सोफ्यावर बसून, चहा घेता घेता म्हणाला, "काकू, ९०० फूटच आहे ना? ४८ हजारांत करून देतो. १० वर्षं पाहायचं काम नाही." आम्ही अर्धे पैसे तिथंच मोजून दिले. तिसऱ्या दिवशी छत पांढरंशुभ्र झालं, उरलेले पैसेही गेले. जूनच्या शेवटच्या आठवड्यात देवघरावर थेंब पडायला लागले आणि जुलैत त्याचा फोन लागेनासा झाला. तो पावसाळा आम्ही समईच्या बाजूला पातेलं ठेवून काढला.

तेव्हापासून मी एक गोष्ट पक्की धरली आहे. गळतीचं कारण शोधायच्या आधी जो भाव सांगतो, त्याला काम द्यायचं नाही, मग त्याची कितीही ओळख असो. आता गल्लीतल्या मैत्रिणी छताचं काम काढायच्या आधी मला विचारायला येतात, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

त्याच वर्षी डिसेंबरात दुसरे मिस्त्री आले. मी चहा ठेवायला निघाले तर म्हणाले, "काकू, चहा नंतर. आधी वरतं जाऊ द्या, खाली बसून काय सांगू?" त्यांनी अख्खं छत हातोडीच्या दांड्यानं ठोकत ठोकत पालथं घातलं. कोबा, म्हणजे स्लॅबवरचा पाणी अडवणारा जाड थर, स्लॅबला धरून असला की आवाज खणखणीत येतो, सुटला असला की बद्द येतो. जिथं बद्द आला तिथं त्यांनी खडूनं गोल काढले. पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, कडेनं वाटा (भिंत आणि छत जुळतं तिथला सिमेंटचा गोलावा) कुठं फुटला आहे ते बोटानं चाचपून पाहिलं, पाणी जायच्या पाइपाच्या तोंडाशी बसले, टाकीखालचे ओटे पाहिले. मग खाली येऊन प्रत्येक खोलीतले डाग पाहिले आणि एक प्रश्न विचारला, जो मला आजवर कोणी विचारला नव्हता: "हा डाग उन्हाळ्यात पण ओला राहते का?"

राहायचा! एप्रिल-मेमध्येच तो वाढायचा आणि मला त्याचं कोडं वाटायचं. नागपुरात पाऊस साधारण जूनच्या मध्यावर येतो, मग मे महिन्यात पाणी कुठून? मिस्त्रींनी उत्तर दिलं: कूलर. आमचा मोठा कूलर गच्चीवरच्या स्टँडवर आहे, चार महिने चालतो आणि त्याचं ओव्हरफ्लोचं पाणी थेट फुटलेल्या वाट्यात मुरत होतं. म्हणजे गळती दोन होत्या. एक पावसाची, एक कूलरची. पहिल्या माणसानं दोन्हींवर एकच पांढरा रंग फिरवला होता. आपल्या शहरात पारा ४५ च्या वर जातो, घरोघरी कूलर आहेत आणि गच्चीवर टाक्या आहेत. जो ठेकेदार कूलर, टाकी आणि नळाची लाइन यांबद्दल काहीच विचारत नाही, त्यानं तुमचं छत पाहिलेलंच नाही असं समजा. शंका असेल तर दोन-तीन दिवस कूलरचं पाणी बंद ठेवून डागाच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारा आणि डाग वाढतो का ते पाहा. हे घरच्या घरी होतं.

एक गोष्ट मात्र घरच्या घरी करायची नाही. छताच्या खालच्या बाजूनं प्लास्टरचे पोपडे पडून आतली सळई गंजलेली दिसत असेल, किंवा स्लॅब मधोमध लचकल्यासारखा वाटत असेल, तर तो वॉटरप्रूफिंगचा विषय राहिला नाही. आधी महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला स्वतः फी देऊन बोलवा. ठेकेदारानं "माझाच इंजिनिअर आहे" म्हणून आणलेला माणूस नको. दुरुस्ती पुरेल की स्लॅब पाडावा लागेल, हे ज्याला त्या कामातून पैसे मिळणार नाहीत त्यानं सांगावं. स्लॅब पाडून नवा टाकायचा ठरला, किंवा गच्चीवर कायमचं टिनशेड उभारायचं असेल, तर परवानगीचं आधी महापालिकेच्या झोन कार्यालयात विचारा. नागपूर सुधार प्रन्यास या शहर विकास संस्थेच्या ले-आउटमध्ये असाल तर तिथंही विचारा. "परवानगी लागत नाही, मी पाहून घेतो" हे ठेकेदाराच्या तोंडून ऐकून कामाला हात लावू देऊ नका.

जुन्या कोब्यावर नवा कोबा टाकतो म्हणणाऱ्याला तिथंच थांबवा. ४ इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भरतं. आमच्या ९०० फुटांच्या छतावर ते १६-१७ टन झालं असतं, आणि तेसुद्धा १९९३ च्या स्लॅबवर. तोडायला मेहनत लागते, मलबा उचलायला पैसे लागतात, म्हणून काही जण वरच्या वर थर चढवतात. आमच्या मिस्त्रींनी खडूचे गोल होते तेवढाच कोबा फोडला, खालचा स्लॅब मोकळा करून भेगा भरल्या आणि मगच नवा थर दिला.

आता पारख कशी करायची ते सांगते. तीन जणांना बोलवा, पण तिघांकडून एकाच कामाचा भाव घ्या. एक रंगाचा भाव सांगतो, दुसरा कोब्याचा, तिसरा डांबरी शीटचा, आणि आपण त्यातला स्वस्त निवडतो. तिथंच फसगत होते. काय करायचं ते आधी कागदावर लिहा, त्याच्या तीन झेरॉक्स काढा आणि प्रत्येकाला तीच द्या.

मग त्यांची जुनी कामं पाहायला जा. मागच्या महिन्यात झालेलं काम पाहून काही कळत नाही, नवं छत सगळ्यांचंच चांगलं दिसतं. निदान तीन पावसाळे काढलेलं काम दाखवा म्हणा. त्या घरी गेल्यावर मी एक ठरलेला प्रश्न विचारते: २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तुमच्या घरात काय झालं? त्या रात्री काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. ती रात्र नागपुरात कोणीच विसरलेलं नाही, त्यामुळे उत्तर लगेच आणि खरं मिळतं. "छत कोरडं होतं" असं घरची बाई सांगते तेव्हा मला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही. सोबत हेही विचारा की नंतर काही दुखलं-खुपलं तर तो बोलावल्यावर आला का. माझ्या मते हे उत्तर पहिल्यापेक्षाही महत्त्वाचं आहे.

त्याची माणसं कोण आहेत, हेही पाहा. रोज सकाळी ठिय्यावरून, म्हणजे मजूर कामासाठी उभे राहतात त्या चौकातून, मिळेल तो मजूर आणणारा आणि वर्षानुवर्षं तेच दोन मिस्त्री घेऊन फिरणारा, यांच्या कामात फरक पडतोच. दुपारी १२ ते ४ माणसांना सावलीत बसवतो का, प्यायला माठ ठेवतो का, पॅरापेट नसलेल्या कडेला दोरी-बेल्ट देतो का? वरून माणूस पडला तर जबाबदारी कोणाची, हे विचारायला संकोच करू नका. मजुरांना उन्हात जुंपणारा माणूस कामही घाईतच उरकतो, असा माझा अनुभव आहे. शिवाय भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर कोटिंग मारलं की फुगे येतात. ते काम सकाळी १० च्या आत किंवा संध्याकाळीच व्हायला हवं.

जीएसटी नंबर दिला असेल तर सरकारी पोर्टलवर टाकून पाहा. नाव आणि नोंदणी चालू आहे की नाही, ते दिसतं. नंबर नाही म्हणून मात्र कोणाला खोटं ठरवू नका. सेवेच्या कामात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या लहान ठेकेदाराला नोंदणी बंधनकारक नाही, आणि आमचे मिस्त्री त्यांतलेच. पावती मात्र सहीची हवी.

करार साध्या लेटरहेडवर चालतो, पण त्यात बारीकसारीक सगळं लिहा. कोबा किती इंचांचा, कोटिंगचे हात किती, मालाचं नाव आणि कंपनी, सिमेंट कोणतं. माप दोघांनी मिळून टेपनं घ्यायचं. पॅरापेटच्या उभ्या भिंतीचं माप छतात धरलं आहे की वेगळं, हे लिहिलं नाही तर बिलात ९०० चे १,२०० फूट होतात. मलबा कोण उचलणार आणि कुठं टाकणार, पाणी-वीज कोणाची, टाकी आणि कूलर हलवून परत बसवणार कोण? जुनी सळई किंवा टिन निघालं तर ते भंगार कोणाचं? आमच्या शेजाऱ्यांकडे याच भंगारावरून शेवटच्या दिवशी भांडण झालं. "१० वर्षांची गॅरंटी" असेल तर ती कंपनीची की ठेकेदाराची, तेही विचारा. कंपनीची असेल तर कंपनीचा कागद मागा आणि कशाला गॅरंटी लागू नाही तो भाग आधी वाचा.

पैसे टप्प्याटप्प्यानं द्यायचे. मी माल दारात उतरल्यावर २० टक्के दिले, जुना कोबा फोडून भेगा भरून झाल्यावर ३०, नवा थर झाल्यावर ३०, पाण्याची चाचणी पार पडल्यावर १०, आणि शेवटचे १० एक पावसाळा पाहून. चांगला ठेकेदार शेवटच्या १० टक्क्यांवर थोडी कुरकूर करतो, पण मान्य करतो. "अर्धे आधी द्या, माल आणायचा आहे" असं कोणी म्हटलं तर दुकानदाराला मी थेट पैसे देते म्हणून सांगा आणि बिल आपल्या नावानं घ्या.

काम चालू असताना घरात थांबा. केमिकलचे डबे आपल्यासमोर सील फोडून उघडायला लावा, बॅच नंबरचा फोटो काढा, रिकामे डबे शेवटपर्यंत जाऊ देऊ नका. एका डब्यात किती फूट होतं ते डब्यावरच छापलेलं असतं. आमच्या पहिल्या ठेकेदारानं ९०० फुटांना किती डबे वापरले हे मी मोजलंच नव्हतं. सिमेंटच्या पोत्यावर कोणत्या आठवड्यात भरलं ते छापलेलं असतं, तीन महिन्यांपेक्षा जुनं पोतं परत पाठवा. नव्या कोब्याला निदान १० दिवस तराई झाली पाहिजे. आपल्या कोरड्या हवेत दिवसातून एकदा पाणी मारून भागत नाही. ओलं पोतं अंथरून ठेवलं तर बरं.

चाचणी अशी: पाइपाची तोंडं बंद करायची, छतावर २ इंच पाणी साठवायचं, ४८ तास तसंच ठेवायचं. भिंतीवर पातळीची खूण करा आणि बाजूला पाण्यानं भरलेली बादली ठेवून तिच्यावरही खूण करा. बादलीतलं पाणी जेवढं उतरलं तेवढं उन्हानं गेलं, छतावरचं त्याहून जास्त उतरलं तर ते कुठंतरी मुरतं आहे. हे डोकं आमच्या मिस्त्रींचं. सळई गंजलेल्या जुन्या स्लॅबवर मात्र इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाणी भरू नका, त्याचंही वजन असतं. गच्चीवर सोलर बसवायचा विचार असेल तर आधी हे सगळं उरका. पॅनलचे पाय ठोकल्यावर त्याखाली काम करणं फार अवघड जातं.

जुन्या नागपुरातल्या महाल भागात माझ्या सासूबाईंचं कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर आहे. तिथली गोष्ट वेगळी, कवेलू फेरणारी माणसं आता शोधावी लागतात. जो आधी वर चढून मयाल आणि फाट्यांना, म्हणजे छताच्या लाकडांना, उदई (वाळवी) लागली आहे का ते सुरी टोचून पाहतो, त्यालाच द्या. कवेलू काढून टिन टाकायचं असेल तर पत्र्याची जाडी मोजून घ्या, स्क्रू पत्र्याच्या उंच पट्टीवर आणि रबरी वॉशरसकट मारायला सांगा. एप्रिल-मेच्या वादळात आधी तेच पत्रे उडतात ज्यांचे स्क्रू मोजून कमी मारलेले असतात. जुने सिमेंटचे पत्रे निघणार असतील तर ते कापू-फोडू देऊ नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात जाते. ओले करून, अख्खे उतरवायला सांगा.

हे सगळं मे महिन्यात जमत नाही. उन्हाळ्यात ठेकेदार पळापळीत असतात, आणि मध्य प्रदेश-छत्तीसगडचे मजूर होळीला, पेरणीला गावी जातात. दिवाळी झाली की माणसं शोधायला लागा आणि थंडीत काम उरका.

इतकं करूनही फसलात तर गप्प बसू नका, आम्ही बसलो होतो. सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. १९१५ वर फोन करून विचारता येतं. तिथं करार, पावत्या, डब्यांचे फोटो हेच कामाला येतात. आमच्याकडे पहिल्या कामाचा एक कागदही नव्हता.

दुसऱ्या मिस्त्रींचे शेवटचे १० टक्के मी २०१९ च्या ऑगस्टअखेरीस दिले. पैसे घ्यायच्या आधी ते पुन्हा वर गेले. पाइपाच्या तोंडाशी कडुनिंबाचा पाला अडकून पाणी तुंबलं होतं, तो त्यांनी हातानं काढला, जाळी बसवली आणि म्हणाले, "काकू, दर आठ दिवसांनी हे साफ करत जा, नाही तर माझं काम वाया जाईन."