माशात जंत दिसला? या चुका टाळा

हर्णैच्या लिलावातून बांगडे घ्यायचे, न कापता बर्फात कोंबायचे आणि "पुण्याला गेल्यावर बघू" म्हणायचं, ही चूक मी सारखी पाहते. ॲनिसाकिस जातीचे जंत माशाच्या आतड्याभोवती वेटोळी करून बसतात. मासा मेला की त्यातले काही मांसात शिरतात. बर्फाने मासा टिकतो, जंत मरत नाही. त्यामुळे आमच्याकडून मासे नेणाऱ्याला मी बंदरावरच कल्ले आणि आतडी काढून घ्यायला लावते. कोळीण चार पैसे जास्त मागेल, द्यावेत.

हळद-मीठ चोळूनही जंत मरत नाही.

सगळ्यात चीड येते ती लिंबाची. गेल्या मोसमात एका पाहुण्याने बांगड्याचे कच्चे काप लिंबू-मिरचीत घातले. अर्ध्या तासात मांस पांढरं पडलं आणि तो म्हणाला, "शिजलं की!" मी ताटली उजेडात धरली. एका कापात पांढुरका, दोनेक सेंटीमीटरचा जंत घड्याळाच्या स्प्रिंगसारखा गुंडाळलेला होता. सुईने डिवचला तर वळवळला. असा जिवंत जंत पोटात गेला तर काही तासांत जठराच्या अस्तरात घुसतो, कळा येतात, उलट्या होतात आणि डॉक्टरांना दुर्बीण घालून तो ओढून काढावा लागतो. कच्चंच खायचं असेल तर मासा आधी उणे २० अंशांत ७ दिवस हवा. घरच्या फ्रीजवर त्यासाठी माझा भरवसा नाही. त्यापेक्षा तिरफळं घालून तिखलं करा, काट्यापर्यंत नीट शिजू द्या. तेवढा वेळ ज्याला जड वाटतो त्याने मासा आणूच नये.

गाबोळीत, म्हणजे माशाच्या अंड्यांच्या पिशवीत, लाल-तपकिरी दोरा दिसला म्हणून अख्खा गोबरा फेकणारेही आहेत. ती फिलोमेट्रा नावाच्या जंताची मादी, माशाच्या रक्तावर जगणारी. मी तेवढी गाबोळी टाकते, मासा ठेवते. बोटाला चीर असेल तर मात्र साफ करायला दुसऱ्याला बसवा. हवाईत मासा साफ करताना असा जंत हाताच्या जखमेत शिरल्याची नोंद १९८६ साली छापली गेली आहे.

नीट शिजवलेला मासा खाऊनही अंगावर गांधी उठल्या तर "परत खाऊन बघू" नको, डॉक्टर गाठा. मेलेल्या जंतातली काही प्रथिनं शिजवूनही टिकतात.

आणि आतडी जेटीवरून पाण्यात भिरकावू नका. ती दुसरे मासे गिळतात, त्यांना डॉल्फिन खातात आणि डॉल्फिनच्या पोटात जंत मोठा होऊन अंडी घालतो. मी माडाच्या मुळाशी खोल खड्डा करून पुरते.