घटस्फोटासाठी वकिलांकडे पहिल्यांदा जाताना

वेळ घ्यायला फोन कराल तेव्हा तिकडून आधी नावं विचारतील: तुमचं, जोडीदाराचं, लग्नाआधीचं आडनावसुद्धा. बिचकू नका. जोडीदार आधीच त्यांचा सल्ला घेऊन गेला असेल, तर तेच वकील सहसा तुमचं काम घेऊ शकत नाहीत, म्हणून ही विचारणा. घरात मारहाण किंवा धमक्या चालू असतील तर ते भेटीसाठी राखून ठेवू नका, त्याच फोनवर सांगा. मग कागद वगैरे सगळं नंतर.

एरवी सुरुवात एका कोऱ्या पानाने करा. लग्न कधी आणि कुठे झालं, मुलांच्या जन्मतारखा, वेगळे राहायला कधी लागलात, मध्ये कुठे तक्रार केली असेल तर तिची तारीख. सगळं एका पानात. लिहायला वाटतं त्याहून जास्त वेळ लागतो, कारण एकेका तारखेमागे एकेक भांडण उभं असतं आणि तेही लिहावंसं वाटतं. ते एखाद्या मैत्रिणीला सांगा. वकिलांसमोर फीचं घड्याळ चालू असतं, आणि पहिल्या तासातली 40 मिनिटं सासरच्यांच्या स्वभावात गेली तर कामाचं बोलायला उरतं काय?

कोर्टाचा काही कागद आला असेल तर पाकिटासकट न्या. उत्तराची मुदत बहुतेक ठिकाणी कागद हाती पडल्यापासून मोजतात, आणि ती तारीख पाकिटावरच्या शिक्क्यावरून जुळवता येते.

पैशांची बाजू कंटाळवाणी, पण खरं वजन तिचंच. दोघांच्या पगाराच्या पावत्या, मागच्या 3 वर्षांची आयकर विवरणपत्रं, वर्षभराची बँक स्टेटमेंट्स, घराचे कागद, विमा, निवृत्तीची शिल्लक. कर्जं विसरू नका, विशेषतः जोडीदाराच्या कर्जाला जामीन म्हणून केलेली सही. लग्नाआधीचं किंवा वारशाने आलेलं वेगळं लिहा. सगळं मिळणार नाही. जे नाही त्याची दोन ओळींत नोंद चालते.

मुलं असतील तर त्यांचा एक साधा आठवडा लिहून काढा: सकाळी कोण उठवतं, शाळेत कोण सोडतं, ताप आला की रजा कोण काढतं. ‘मीच सगळं करते’ या वाक्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी.

मेसेजचे स्क्रीनशॉट घेताना वर नंबर आणि तारीख दिसू द्या, पुढचे-मागचे दोन मेसेजही असू द्या, आणि मूळ मेसेज फोनमधून पुसू नका, तुमचे स्वतःचे लाजिरवाणेसुद्धा. जोडीदाराच्या फोनमध्ये शिरून पुरावा काढायचा मोह होतो. तो आवरा, अनेक ठिकाणी तो गुन्हा ठरतो आणि वर पुरावाही हातचा जातो. स्वतःचा पासवर्ड मात्र आधी बदला. घरातल्या टॅबवर तुमचंच खातं उघडं असेल तर वकिलांची मेल बैठकीच्या खोलीत वाचली जाईल.

सोबत आई किंवा मित्र आले तर चांगलंच, पण बोलणी चालू असताना त्यांना बाहेर बसवा. तिसरं माणूस खोलीत असलं की वकील-अशिलातल्या गोपनीयतेला बाधा येऊ शकते. शिवाय आईसमोर काही गोष्टी तोंडातून निघतच नाहीत, आणि नेमक्या त्याच सांगायच्या असतात: लपवलेलं कर्ज, दुसरं नातं, उचललेला हात. त्या वकिलांना समोरच्या बाजूकडून कोर्टात कळल्या तर सावरायला जागा राहत नाही.

प्रश्न लिहून न्या. फी तासावर की टप्प्यावर? फोन-मेलचे पैसे वेगळे का? माझं काम प्रत्यक्ष तुम्हीच पाहणार की ऑफिसातलं दुसरं कोणी? मध्यस्थीने मिटेल का? आणि सगळ्यात आधी: पुढच्या भेटीपर्यंत मी काय करायचं नाही? याचं उत्तर मिळेपर्यंत एकत्र खात्यातले पैसे हलवू नका, मुलांना घेऊन घर सोडायच्या बेतात असाल तर आधी विचारा, समोरून आलेल्या कागदावर सही तर नाहीच.

निघताना मूळ कागद त्यांनी ठेवून घेतले तर पोच मागा. झेरॉक्स देऊन भागलं तर उत्तमच.